टर्बोची शिट्टी

११ मार्च, मंगळवार. मिरचीचे देठ मोडायला बसले होते. पंधरा किलो मिरची, तीन गिऱ्हाइकांची, तीन वेगळ्या पाट्यांत. देठ मोडून आणणं हे खरं तर गिऱ्हाइकाचं काम, पण लासुर्ण्यातल्या बायका "वहिनी, तुमचा हात बसलाय" म्हणतात आणि पाटी ठेवून निघून जातात. मार्चमध्ये तिखटाचं कांडप एकदा सुरू झालं की मला कुणाला नाही म्हणायलाही वेळ नसतो. त्या दिवशी दहाच्या आत उरकायचं होतं, कारण बारामतीला जायचं होतं. गाडीचा आवाज बदलायला.

हे मी शेजारणीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बिघडली व्हय?" बिघडली नव्हती. गाडी उत्तम चालत होती. ती मुकी आहे, एवढीच माझ्या नवऱ्याची तक्रार होती.

माझा नवरा ट्रॅक्टरचा मिस्त्री. सगळं गाव त्यांना मिस्त्री म्हणतं, लग्नानंतर मीही तेच म्हणायला लागले. रस्त्याच्या कडेला आमचं पत्र्याचं शेड आहे. त्याच्या एका अंगाला त्यांचं गॅरेज आणि दुसऱ्या अंगाला माझी पिठाची गिरणी आणि कांडप. मधे भिंत नाही. त्यांच्या ग्रीसचा वास माझ्या पिठाला लागतो असं बायका म्हणतात आणि तरी दळण इथंच आणतात.

मिस्त्रींचं नाव झालं ते कानामुळं. तरुणपणी इंदापूरला, हायवेवरच्या ट्रकच्या गॅरेजात ते शिकले. तिथल्या उस्तादानं त्यांना आधी सहा महिने पान्ह्याला हात लावू दिला नव्हता, नुसतं ऐकायला लावलं होतं. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची, डोळे मिटायचे. पुढं त्यांना स्क्रू ड्रायव्हरही लागेनासा झाला. ट्रॅक्टर रस्त्यावरून वळण घेऊन दारात येईपर्यंत यांनी सांगितलेलं असायचं, "तिसऱ्या सिलेंडरचं नोझल." मालकाला वाटायचं जादू आहे. जादू काही नव्हती. माझी जाती बारीक लागली की जाडी लागली, हे मलाही पाठमोरं कळतं. रोज ऐकून कळतं, एवढंच.

गाडी घेतली ती गुडघ्यांमुळं. मोटारसायकलला किक मारणं होईना. लोणी देवकरच्या एका कारखान्यातला इंजिनिअर बदली होऊन चालला होता, त्याची छोटी पेट्रोल गाडी, टर्बोवाली, आम्ही घेतली. आणायला दोघं गेलो होतो. इंजिन चालू झालेलं असताना मिस्त्रींनी पुन्हा किल्ली फिरवली. स्टार्टर असा किंचाळला की मी दोन्ही कान झाकले. त्यांनी तिसऱ्यांदा फिरवली.

"अहो, चालू हाय ती!"

"चालू हाय? मग बोलंना का?"

मी समजले, नवी गाडी, इंजिनिअर समोर उभा, गडबडलेत. माणूस आपल्याला सोयीचं तेच समजतं. घरात कुकरच्या पाच शिट्ट्या झाल्या तरी ते उठून गॅस बंद करत नाहीत, यालाही मी नवरेपणाच समजत होते. मोबाईल खिशात वाजत राहतो, यालाही.

गाडी घरी आल्यापासून ते दुसऱ्या गिअरमध्येच ओढत राहायचे. चाळीस वर्षं इंजिनाचा सूर ऐकून गिअर बदललेला माणूस, काट्याकडं बघायची सवयच नाही. इंजिन रडकुंडीला यायचं तेव्हा मी सांगायची, "टाका आता." ते चिडायचे. म्हणायचे, "कंपनीनं हिचा गळाच दाबलाय. प्लास्टिकची खोकी काय, स्पंज काय. इंजिनाला बोलू द्यायचं न्हाय म्हंजे माणसाला कळू द्यायचं न्हाय. बिघडली की पळा शोरूमला."

मग एका दुपारी त्यांनी मागचा सायलेन्सर कापला आणि सरळ नळी जोडली. गाडी भुम्म करून बोलायला लागली. माझ्या गिरणीची पत्र्याची भिंत थरथरायची, चाळणीतलं पीठ आपोआप सरकायचं. कट्ट्यावरची माणसं म्हणायची, "मिस्त्री, पोरीबाळी बघायला निघाला काय या वयात?" आणि ते हसायचे. त्या दोन महिन्यांत ते गिअर अचूक टाकत होते. हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही. तेव्हा माझं डोकं दुखत होतं, एवढंच लक्षात होतं. इंदापुरात पोलिसांनी अडवून पावती फाडली, तेव्हा मला निमित्त मिळालं. पंधरा दिवस मी जेवताना, दळताना, झोपताना एकच विषय लावून धरला. शेवटी त्यांनी जुना सायलेन्सर परत जोडला. हट्ट माझा होता. तो मी जिंकले.

त्यानंतर त्यांच्या डोक्यात शिट्टी शिरली. टर्बो म्हणजे एक पंखा. धुराच्या जोरावर फिरतो आणि इंजिनात हवा कोंबतो. फिरताना शिट्टी घालतो. इंदापूरच्या गॅरेजात असताना हायवेवरून येणाऱ्या ट्रकची शिट्टी ऐकून मिस्त्री सांगायचे की पंख्यानं धूळ खाल्लीय की बेअरिंग सैल झालंय. "सायलेन्सरचा आवाज हा नळीचा आवाज असतोय," ते मला समजावत होते, "तो कुणाचा बी निघतो. इंजिनाचा खरा आवाज त्या शिट्टीत. ती मोकळी केली की झालं. पोलीस बी न्हाय आन् तुझं डोकं बी न्हाय." बारामतीत एक फिटर अशी कामं करतो, हे त्यांनी शोधून काढलं होतं.

मी लगेच हो म्हणाले. त्याचं कारण वेगळं होतं, आणि ते जानेवारीतलं आहे.

अंथुर्ण्याचे एक तात्या आहेत, आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स मिस्त्रींनी ऐकला आणि "खणखणीत हाय, जाऊ द्या" म्हणून सांगितलं. चौथ्या दिवशी कारखान्याच्या वाटेवर, मागं उसाच्या दोन ट्रॉल्या असताना, बेअरिंग जाम झालं. ट्रॅक्टर जागच्या जागी धरला, मागची ट्रॉली आडवी झाली, ऊस रस्ताभर. नवरा-बायको आणि लहान पोर असलेली एक मोटारसायकल तिथून नुकतीच पुढं गेली होती. तात्या आमच्या दारात येऊन शिव्या देतील असं मला वाटलं होतं. ते आलेच नाहीत. गिअरबॉक्स त्यांनी दुसरीकडं बांधून घेतला. मिस्त्री म्हणाले, "बेअरिंगचा मालच डुप्लिकेट येतोय आजकाल." पण त्या दिवशी ट्रॅक्टर गॅरेजातून निघताना मी दळण घालत होते, आणि गिरणीच्या आवाजातूनही मला त्याची किरकिर ऐकू आली होती. मला वाटलं, मिस्त्रींना आली नसेल असं कसं होईल? म्हणून गप्प बसले.

आता बारामतीला जायचं ठरताच तिथल्या कानाच्या डॉक्टरकडं मी दोन नावांचा नंबर लावून ठेवला. एक माझं, एक त्यांचं. त्यांना फक्त माझंच सांगितलं.

फिटरचं गॅरेज रिंगरोडच्या आतल्या बाजूला होतं. तिशीचा माणूस, हात स्वच्छ, मोबाईलवर वेगवेगळ्या गाड्यांचे आवाज साठवलेले. आमचं वय बघून त्यानं विचारलं, "मुलाची गाडी का काकू?"

"न्हाय, यांचीच."

तो मिस्त्रींकडं बघून हसला, पण बोलणं सुरू झाल्यावर हसणं थांबलं. दोघं बॉनेटमध्ये वाकले. कारागीर कारागिराला दोन वाक्यांत ओळखतो.

"काका, टर्बो धुराच्या वाटेतच बसतो ना, तो एक्झॉस्टचा आवाज खातो," फिटर म्हणाला. "म्हणून मागनं कितीही कापलं तरी नुसती घुमघुम येते. तुम्हाला हवाय तो आवाज पुढं हाय, हवा आत ओढायच्या बाजूला. हे खोकं काढतो, उघडा फिल्टर टाकतो. शिट्टी बाहेर येईल. अॅक्सिलेटर सोडला की फुस्स करणारा व्हॉल्व्ह पण टाकू?"

"फुस्स नको," मिस्त्री म्हणाले. "त्यो नाटकीपणा हाय. शिट्टी तेवढी पायजे. साफ."

"दोन तास लागतील."

"लागू दे. पन घाई करू नको. क्लिप नीट आवळ, न्हायतर हवा चोरंल आन् मग त्योच आवाज तू मला शिट्टी म्हणून इकशील."

फिटरनं कानाला हात लावला. "तुमच्यापुढं कशाला चोरी करू, काका."

दोन तासांत मी त्यांना रिक्षात घालून डॉक्टरकडं नेलं. आधी माझी तपासणी झाली. गिरणीमुळं माझेही कान थोडे गेलेत, ते निघालं. मी बाहेर आले आणि म्हणाले, "आता आलोच हाय तर तुमी बी बसा. नाव लिवलंय तुमचं."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. कळलं त्यांना. पण बाकड्यावर पाच-सहा माणसं होती आणि चारचौघांत बायकोशी वाद घालणं त्यांच्या स्वभावात नाही. ते आत गेले.

आत एक काचेची खोली होती. तपासणाऱ्या बाईंनी त्यांच्या कानाला हेडफोन लावले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. मी काचेबाहेर, बाईंच्या शेजारी खुर्चीवर. सुरुवातीचे आवाज जाडे होते. मिस्त्री झटपट दाबत होते, तोंडावर परीक्षेत पहिला येणाऱ्या मुलाचा भाव. मग बाईंनी आवाज बारीक करत नेले आणि बटण थांबलं. मिस्त्री वाट बघत होते. काही वेळानं त्यांना वाटलं असावं की फारच वेळ झाला. त्यांनी दाबलं. पुन्हा थोड्या वेळानं दाबलं. एका ठरावीक तालावर दाबायला लागले.

बाईंनी माईकमध्ये सांगितलं, "काका, वाजलं तरच दाबा."

"वाजतंय की!"

त्या वेळी बाईंनी काहीच लावलेलं नव्हतं. त्यांचा हात टेबलावर होता, माझ्यासमोर.

कागदावर दोन रेषा आल्या. डाव्या बाजूला वर, सपाट. मधोमध येईपर्यंत ठीक. तिथून खाली, विहिरीच्या कडेवरून पाय सुटावा तशा. डॉक्टरांनी समजावलं. जाडे आवाज पोचतात, बारीक पोचत नाहीत. नस गेली आहे, वर्षानुवर्षं इंजिनाजवळ राहून. औषध नाही, ऑपरेशन नाही. मशीन लावलं तर माणसांचं बोलणं बरंच कळेल.

"आणि इंजिनाचं?" मी विचारलं. "गाडीची शिट्टी, बेअरिंगची किरकिर?"

डॉक्टर म्हणाले, "मशीन आवाज मोठा करतं. जी नसच उरली नाही तिला मोठ्यानं सांगून काय उपयोग?" मग म्हणाले, "थोडं येईल कदाचित. पण त्यावर धंदा करू नका."

मिस्त्री ओठांकडं बघून ऐकत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "खोली बंद व्हती. कोंडल्यावानी झालं म्हणून चुकलो. मोकळ्यात मला समदं यितं."

"बरं," मी म्हणाले.

"आन् मशीन कशाला? माझं काम लोखंडाशी. बायकांची बडबड ऐकाया पैसं घालू?"

"तीही ऐका कधीतरी."

ते हसले नाहीत. मीही विनोद म्हणून बोलले नव्हते.

गॅरेजात परतलो तेव्हा फिटरनं बॉनेट उघडंच ठेवलं होतं. जुन्या काळ्या खोक्याच्या जागी लाल जाळीचा, शंकूसारखा फिल्टर बसवला होता. काम साफ होतं. मिस्त्रींनी एकेक क्लिप बोटानं हलवून बघितली आणि मान डोलावली.

"बसा काका, बाहेर एक चक्कर मारू. उभ्या गाडीत येत नाही ती. चढाला दाब पडला की येते."

आम्ही निघालो. फिटर चालवत होता, मिस्त्री पुढं, मी मागं. रिंगरोडला लागल्यावर त्यानं तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला. आणि शिट्टी आली. खरोखर सुंदर होती, मला मान्य करावं लागेल. आधी बारीक, मग चढत चढत, सुरी धारेला लावल्यासारखी. पाय सोडला की खाली उतरून विरायची. रस्त्याकडेच्या रसवंतीवरची माणसं वळून बघत होती.

"ऐका काका! कशी हाय?"

मिस्त्री खिडकीची काच खाली करून, डोळे मिटून, कान बाहेर काढून बसले होते. वारा केसांतून जात होता. फिटरनं पुन्हा पाय दाबला, पुन्हा शिट्टी चढली. मिस्त्री तसेच. मग फिटरनं पुढं गतिरोधक बघून गाडी सावकाश केली. शिट्टी बंद, नुसता टायरचा आवाज. तेव्हा मिस्त्रींनी डोळे उघडले आणि म्हणाले, "हां. आता आली बघ. एक नंबर."

फिटरनं आरशातून माझ्याकडं बघितलं. मी बाहेर बघायला लागले. उतरल्यावर मिस्त्रींनी त्याच्या पाठीवर थाप मारली. तो म्हणाला, "चुकलं असलं तर परत घेऊन या, काका. खोकं डिकीत टाकलंय, कवाबी बसवता येतंय."

सायलेन्सर जुना. त्यामुळं जाडा आवाज होता तो गेलेला. खोकं काढल्यामुळं बारीक आवाज आलेला. बारामती सोडेपर्यंत माझ्या डोक्यात हा हिशेब पुरा झाला होता. त्यांना ऐकू येत होतं ते मी बंद करवलं, आणि त्यांना ऐकू येत नाही ते विकत घेऊन आम्ही घरी चाललो होतो.

भवानीनगर आलं. मग त्यांनी पाय दाबला आणि रस्त्याकडं बघत विचारलं, "वाजतीया न्हवं?"

"वाजतीय."

थोडं पुढं गेल्यावर पुन्हा, "आता?"

"आता न्हाय. आता पाय सोडलाय तुमी."

"आता?"

"आता आली. चढतीय. अजून चढतीय. टाका गिअर."

त्यांनी टाकला. बरोबर पडला. असं आम्ही सणसरपर्यंत गेलो, मी सांगतेय, ते टाकतायत. मागून बघणाऱ्याला वाटलं असतं मी नवऱ्याला गाडी शिकवतेय. बेलवाडीच्या अलीकडं ते म्हणाले, "गॅरेजात बी जरा कान देत जा."

"म्हंजे?"

"म्हंजे काय. बसतीस तितंच बसायचं. काय बारीकसारीक वाटलं तर मान वर करायची. मी बघंन. गिऱ्हाइकाला कळायचं काम न्हाय."

एवढं बोलून त्यांनी काच वर केली. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. त्यांनी माझ्याकडं मागितलेलं मला आठवतं ते हे एकच. मी हो म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही. "बघू," म्हणाले. देठ काढलेली मिरची भाजायची राहिली होती, आणि तीन गिऱ्हाइकं पाचला येणार होती.

शेडसमोर तात्यांचा ट्रॅक्टर उभा होता.

तात्या स्वतः बाकावर बसून तंबाखू मळत होते. सत्तरी ओलांडलेली, धोतर, डोक्याला टॉवेल. बरोबर कुणी ड्रायव्हर नाही, स्वतःच चालवत आले होते.

"ये मिस्त्री. शिट्टी घालत आलास की रं. लांबनंच ऐकली मी. म्हनलं कुकर आला का गाडी!"

मिस्त्री खुश झाले. "ऐकली न्हवं? टर्बो हाय, तात्या."

"मला काय कळतंय टर्बोतलं. तू ह्याचं बघ. गिअरबॉक्स त्या दुसऱ्यानं बांधला, पन तू ऐकल्याबिगर माझं मन भरत न्हाय. उद्या शेवटची खेप हाय कारखान्याला. नातू न्हेतोय."

जानेवारीतल्या त्या दिवसाबद्दल एक शब्द नाही. ते मोठेपणानं आले होते. मिस्त्रीची पत गावात राहावी म्हणून दुसऱ्या कुणी बांधलेलं काम त्यांना ऐकवायला आले होते. मला ते कळलं, मिस्त्रींनाही कळलं. ते ताठ झाले.

ट्रॅक्टर चालू केला. मी मिरचीची पाटी पुढ्यात ओढून बसले, दहा पावलांवर. तात्यांनी गिअर टाकून मागची चाकं अधांतरी फिरवली, जॅकवर. मिस्त्रींनी स्क्रू ड्रायव्हर टेकवला, मूठ हाडाला लावली, डोळे मिटले. आणि किरकिर आली. अगदी बारीक, सुकलेल्या दोरावरून वाळू ओढल्यासारखी. थांबून थांबून. जानेवारीत आली होती तीच, फक्त आत्ता मी गिरणी बंद असताना ऐकत होते, त्यामुळं शंकेला जागा नव्हती.

तात्यांनीही ऐकली. त्यांनी मिस्त्रींकडं बघितलं, मग माझ्याकडं.

मिस्त्रींनी डोळे उघडले आणि तेही माझ्याकडं बघायला लागले.

दोघं माझ्याकडं बघत होते. मान वर करायची होती, एवढंच काम होतं. पण तात्या बघत होते. मी मान वर केली असती तर तात्यांना त्याच क्षणी कळलं असतं की मिस्त्री आता बायकोच्या कानानं ऐकतो. दुसऱ्या दिवशी अंथुर्ण्यात, तिसऱ्या दिवशी इंदापुरात. मी मिरचीकडं बघितलं. एक देठ राहिला होता, तो मोडला.

"खणखणीत हाय," मिस्त्री म्हणाले. "न्या बिनघोर."

तात्या खाली उतरले. तंबाखू थुंकून आले. "ऐकलंस न्हवं नीट?"

"तात्या, इतकी वर्सं झाली."

"व्हय. झाली खरी." त्यांनी ट्रॅक्टर खाली घेतला. "मिस्त्री म्हणतोय म्हंजे झालं." चढताना माझ्याजवळून गेले तेव्हा हळू म्हणाले, "काय गं सूनबाई?" मी म्हणाले, "चहा घ्या की तात्या." ते म्हणाले, "चहा झाला," आणि गेले.

संध्याकाळी तीन जणींचं तिखट कांडून दिलं. मिरचीचा खाट एवढा उठला की सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, माझ्याही, त्यामुळं कुणी काही विचारलं नाही. जेवताना मी तपासणीचा कागद ताटाशेजारी ठेवला.

"तात्याच्या गिअरबॉक्सला किरकिर होती," मी म्हणाले, तोंड समोर ठेवून.

ते जेवायचे थांबले. "मग मान का वर केली न्हाईस?"

"तात्या बघत व्हते."

"म्या तुला सांगितलं व्हतं." आवाज चढला नाही. "एकच गोष्ट सांगितली व्हती."

"तुमी फोन करा त्यांना. म्हणा, माझी चूक झाली, पुन्ना ऐकतो."

"पुन्ना काय ऐकू?"

त्यांनी कागद उचलला, चार घड्या केल्या आणि खिशात घातला. मला वाटलं, जेवण झालं की करतील फोन. हात धुऊन ते अंगणात गेले, गाडीचं बॉनेट उघडलं, त्या लाल फिल्टरवर हात ठेवून उभे राहिले. मग डिकीतलं काळं खोकं काढलं, फडक्यानं पुसलं आणि पुन्हा डिकीत ठेवलं. फोन केला नाही. मीही केला नाही. त्यांनी करावा असं मला वाटत होतं, आणि मी असं वाटू देत बसले. नऊ वाजता झोपलो.

सकाळी पाचला उठले. पाणी तापवलं, दोन दळणं घेतली. पावणेसहाला, कारखान्याला जाणारे ट्रॅक्टर रस्त्याला लागायच्या आत, मी गिरणी बंद केली आणि तात्यांना फोन लावला. मिस्त्री अंगणात पाठमोरे बसून दात घासत होते, माझ्यापासून आठ-दहा हातांवर. मी आवाज कमी केला नाही.

"तात्या, ट्रॅक्टर काढू नका. किरकिर हाय. तुमी ऐकली, मीबी ऐकली. मिस्त्रींना आता बारीक ऐकू येत न्हाय. नातवाला सांगा."

तात्या म्हणाले, "सांगितलं मी त्याला रातच्यालाच. तुज्या फोनची वाट बघत व्हतो." आणि ठेवला.

मिस्त्री तसेच दात घासत होते. मी जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिले, तोंड दिसेल अशी. तात्यांना सांगितलं तेच वाक्य त्यांना सांगितलं. "मिस्त्रींना आता बारीक ऐकू येत न्हाय, असं सांगितलं मी तात्याला. आता कुणीबी आलं की तेच सांगणार."

त्यांनी चूळ भरली, थुंकले, तांब्या उचलला आणि आत गेले.

सातला बेलवाडीचा एकजण ट्रॅक्टर घेऊन आला. मी त्याला खाली उतरू न देता तेच सांगितलं आणि रस्त्यावरूनच परत लावलं.